फर्नांदो सोर यांची 'ओपस ९' : गिटारवरील रूपभेदांची एक चिकित्सा

प्रास्ताविक

पाश्चात्त्य अभिजात संगीतात गिटार या वाद्याचे स्थान नेहमीच काहीसे वादग्रस्त राहिले आहे. पियानो, व्हायोलिन वा चेलो यांच्यासाठी जशी मोठ्या संगीतकारांनी विपुल रचना केली, तशी गिटारसाठी केली नाही. परिणामी या वाद्याचा वारसा प्रामुख्याने गिटारवादक असलेल्या संगीतकारांनीच निर्माण केला. या वारशातील सर्वाधिक वाजविली जाणारी, आणि म्हणूनच कदाचित सर्वांत कमी विचारपूर्वक ऐकली जाणारी रचना म्हणजे फर्नांदो सोर (१७७८-१८३९) यांची मोझार्टच्या चालीवरील 'प्रस्तावना आणि व्हेरिएशन्स', ओपस ९. ती १८२१ मध्ये लंडन येथे प्रथम प्रकाशित झाली व सोर यांनी ती आपल्या भावास, कार्लोस यास, अर्पण केली.

पाश्चात्त्य संगीतातील 'व्हेरिएशन' या संज्ञेसाठी प्रस्तुत लेखात 'रूपभेद' हा शब्द योजला आहे. मराठी वाचकाच्या मनात या ठिकाणी साहजिकच रागविस्ताराची कल्पना उभी राहते. परंतु ही तुलना फारशी उपयुक्त नाही. रागविस्तारात बंदिशीचा मुखडा हा परतण्याचा टप्पा असतो आणि मधला अवकाश गायक आपल्या प्रतिभेनुसार लांबवतो वा आखडतो. रूपभेदात मूळ चालीची लांबी, तिचे दोन भाग आणि तिच्याखालील स्वरसंवादाचा सांगाडा बहुतांशी कायम राहतो. बदलते ते त्यावरील मांस. त्यामुळे तुलना करावयाचीच झाल्यास ती तबल्यातील कायदा आणि त्याचे पलटे यांच्याशी करणे अधिक योग्य ठरेल. कायद्यातील बोलांच्याच मर्यादेत राहून, खाली-भरीची चौकट न मोडता पलटे रचले जातात आणि शेवटी तिहाईने समेवर येतात. सोर यांच्या रचनेतील अखेरचा 'कोडा' हा भाग या तिहाईशी बराच जवळचा वाटतो. अर्थात तबल्याच्या एकल वादनात अनेक स्वर एकाच वेळी वाजून निर्माण होणाऱ्या स्वरसंवादाचा प्रश्नच उद्भवत नाही, आणि ओपस ९ चे मर्म तर नेमके तेथेच आहे. म्हणून हे साम्य चौकटीपुरतेच मानावे.

रूपभेदांविषयीचा आक्षेप

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपात रूपभेदांचे अक्षरशः पेव फुटले होते. एखाद्या गाजलेल्या ऑपेरातील चाल घ्यावी, तिच्यावर पाच-सहा उत्तरोत्तर जलद होत जाणारे अलंकार चढवावेत आणि टाळ्यांच्या गजरात शेवट करावा, हा ठरलेला प्रघात होता. रॉबर्ट शुमान यांनी १८३४ मध्ये सुरू केलेल्या आपल्या संगीतविषयक नियतकालिकातून या प्रवृत्तीची वेळोवेळी झाडाझडती घेतली. त्यांचा रोख प्रामुख्याने पियानोवरील रचनांकडे असला, तरी गिटारलाही तो तितकाच लागू पडतो. किंबहुना गिटारला तो अधिकच लागू पडतो, कारण गिटारवादक-संगीतकारांच्या छापील कृतींमध्ये रूपभेदांचा वाटा फार मोठा आहे. व्हिएन्नामध्ये १८०६ ते १८१९ या काळात गाजलेल्या माउरो जुलियानी यांची हँडेलच्या चालीवरील ओपस १०७ ही रचना याच परंपरेतील होय, आणि स्वतः सोर यांनीही 'फोलिया'च्या प्राचीन चालीवर आणि 'मालब्रू' या फ्रेंच गीतावर रूपभेद लिहिले आहेत.

तेव्हा प्रश्न असा की, ओपस ९ ही या पेवातील केवळ एक रचना आहे काय? शुमान यांचा आक्षेप मान्य करूनही तिच्यात काही शिल्लक राहते काय? अभ्यासक्रमांत, स्पर्धांत आणि मैफलींत ती इतकी रुळली आहे की हा प्रश्न सहसा विचारलाच जात नाही. लोकप्रियता हीच गुणवत्तेची पावती मानली जाते, किंवा याच्या अगदी उलट, लोकप्रिय आहे म्हणजे उथळ असणार असे गृहीत धरले जाते. दोन्ही भूमिका समीक्षेच्या दृष्टीने आळशीपणाच्याच आहेत.

चालीचा प्रवास

मोझार्टचा 'डी झाउबरफ्लोटे', म्हणजेच 'जादूची बासरी', हा ऑपेरा ३० सप्टेंबर १७९१ रोजी व्हिएन्ना येथे प्रथम सादर झाला. त्याच्या पहिल्या अंकाच्या अखेरीस पामिना आणि पापागेनो पळून जात असता मोनोस्टाटोस आणि त्याचे गुलाम त्यांना गाठतात. पापागेनो आपला जादूचा घंटावाद्यसंच वाजवितो आणि पकडावयास आलेली मंडळी भान हरपून नाचत-गात निघून जातात. सोर यांनी घेतलेली चाल ही या प्रसंगातील होय. संगीताने शस्त्र गळून पडते, हा या छोट्याशा प्रसंगाचा आशय आहे. हीच चाल पुढे लंडनमधील उमरावांच्या मैफलींत वाजविली गेली, यात एक सूक्ष्म उपरोध आहे. परंतु सोर यांना तो अभिप्रेत होता असे मानण्यास आधार नाही.

लंडनमध्ये हा ऑपेरा १८११ मध्ये 'इल फ्लाउतो माजिको' या नावाने इटालियन भाषेत रंगभूमीवर आला. लंडनच्या प्रथमावृत्तीच्या शीर्षकातही ही चाल तिच्या इटालियन नावानेच नोंदविली आहे. येथे एक बाब आवर्जून लक्षात घ्यावयास हवी. सोर यांच्या रचनेतील मूळ चाल ही मोझार्टच्या स्वरलेखनाची तंतोतंत नक्कल नाही. मोझार्टने ती जी मेजरमध्ये लिहिली, सोर यांनी ई मेजर निवडला; आणि केवळ पट्टी बदलली असे नसून चालीच्या वळणांतही फरक आहेत. त्या काळी अँजेलिका कातालानी यांच्यासारख्या गायिका ही चाल सजवून गात असत आणि तिची अनेक रूपे प्रचारात होती. त्यामुळे सोर यांच्यासमोर मोझार्टची संहिता होती त्यापेक्षा लंडनच्या कानांत रुळलेली चाल होती, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. कार्यक्रमपत्रिकांत आजही 'मोझार्टची चाल' असे सरसकट छापले जाते. ते चूक नसले तरी अपुरे आहे. ज्याला आपण 'मूळ' म्हणतो तेच येथे आधीचा एक रूपभेद आहे.

ई ची निवड आणि हाताचे तर्कशास्त्र

सोर यांनी ई ही पट्टी का निवडली, याचे उत्तर गिटारच्या रचनेत सापडते. गिटारच्या सहा तारा खालच्या स्वरापासून अनुक्रमे ई, ए, डी, जी, बी, ई अशा लावलेल्या असतात. ई हा आधारस्वर मानला तर सर्वांत खालची आणि सर्वांत वरची या दोन्ही मोकळ्या तारा आधारस्वर देतात, पाचवी तार ए म्हणजे चौथा स्वर देते आणि दुसरी तार बी म्हणजे पाचवा स्वर देते. डाव्या हाताच्या चार बोटांना एकाच वेळी चाल, मधले स्वर आणि खर्ज हे सर्व सांभाळावे लागत असल्याने, खर्जाचा भार मोकळ्या तारेवर टाकता येणे ही येथे चैन नसून गरज आहे.

परंतु मुद्दा एवढ्यावरच संपत नाही. ई मायनर आणि ई मेजर या दोहोंमध्ये गिटारचा हात वेगळ्या रीतीने वागतो. ई मायनरमध्ये तिसरा स्वर जी हा मोकळ्या तिसऱ्या तारेवर आपोआप उपलब्ध असतो आणि चौथी मोकळी तार डी हीदेखील त्या स्वरसप्तकात बसते. म्हणजेच सहाही मोकळ्या तारा ई मायनरच्या कुटुंबातल्या आहेत. वाद्य आपोआप गुंजते. ई मेजरमध्ये मात्र तिसरा स्वर जी शार्प होतो; जी आणि डी या मोकळ्या तारा बाद होतात आणि त्या ठिकाणी बोटाने पडदा दाबावाच लागतो. मेजरचा उजेड येथे वाद्याच्या नैसर्गिक कलाविरुद्ध, कष्टाने मिळवावा लागतो. पियानोवर मायनरमधून मेजरमध्ये जाणे ही केवळ स्वरसंवादाची घटना असते. गिटारवर ती नादाच्या पोतातही घडते, कारण जी तार आतापर्यंत मोकळी कंप पावत होती तीच आता बोटाखाली येते.

प्रस्तावनेचे कार्य

ही पार्श्वभूमी लक्षात घेतली म्हणजे ओपस ९ च्या प्रस्तावनेकडे वेगळ्या दृष्टीने पाहता येते. 'आंदान्ते लार्गो' या संथ गतीची ही प्रस्तावना ई मायनरमध्ये आहे. भारदस्त कॉर्ड, मध्येच येणारे मौन, खालच्या तारांवरून वर चढणारी सुरावट आणि शेवटी पाचव्या स्वरावर अधांतरी सोडलेले वाक्य, असे तिचे स्वरूप आहे. त्यानंतर 'आंदान्ते मोदेरातो' या गतीने मूळ चाल ई मेजरमध्ये सुरू होते. ही चाल दोन छोट्या समतोल भागांची, जवळजवळ बालगीतासारखी साधी आहे.

काही चरित्रात्मक वाचनांमध्ये या प्रस्तावनेचा संबंध सोर यांच्या विजनवासाशी जोडण्याचा मोह होतो. स्पेनवरील फ्रेंच अंमलाच्या काळात सोर यांनी नव्या राजवटीखाली पद स्वीकारले होते. १८१३ मध्ये फ्रेंचांनी माघार घेतल्यावर त्यांना देश सोडावा लागला आणि ते पुन्हा कधी परतले नाहीत. पॅरिस, १८१५ पासून लंडन, पुढे मॉस्को आणि पुन्हा पॅरिस असा त्यांचा प्रवास झाला. भावास अर्पण केलेली रचना आणि तिची गंभीर सुरुवात यांतून मायदेशाची ओढ वाचणे सोपे आहे. सोपे आहे म्हणूनच ते टाळावे. मायनरमधील संथ प्रस्तावना हा त्या काळचा रूढ प्रकार होता, आणि रूढी पाळणाऱ्या प्रत्येकाचे दुःख खरे असतेच असे नाही.

रूढी म्हणून आलेली गोष्ट रचनेत पुढे काय काम करते, हे पाहणे अधिक फलदायी आहे. एकूण पाच रूपभेदांपैकी दुसरा पुन्हा ई मायनरमध्ये आहे. रूपभेदांच्या मालिकेत एखादा मायनर रूपभेद असणे हाही प्रघातच. पण येथे तो आला की श्रोत्याला प्रस्तावनेची आठवण होते. तीच पट्टी, तोच मोकळ्या तारांचा गुंजता काळोख, तीच कॉर्डांनी चालणारी भाषा. पहिल्या रूपभेदातील जलद, पुष्कळदा केवळ डाव्या हातानेच उच्चारल्या जाणाऱ्या स्वरांच्या लडींनंतर हा दुसरा रूपभेद जणू मागे वळून पाहतो. प्रस्तावनेत जे चालीच्या आधी होते ते आता चालीच्या आत आले आहे, असे त्याचे वर्णन करता येईल. ओपस ९ ला केवळ अलंकारांच्या साखळीपासून वेगळे करणारी गोष्ट हीच आहे. तिला स्वतःची स्मृती आहे.

प्रस्तावना वगळली, तर ही स्मृती नाहीशी होते. दुसरा रूपभेद मग केवळ 'नियमाप्रमाणे आलेला मायनर' उरतो. दुर्दैवाने या रचनेचा विसाव्या शतकातील प्रसार संक्षिप्त रूपातच सुरू झाला. आंद्रेस सेगोव्हिया यांनी १९२७ मध्ये हिज मास्टर्स व्हॉइससाठी केलेल्या आपल्या पहिल्या ध्वनिमुद्रणांत ओपस ९ चा समावेश केला. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या मोठ्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम साडेचार मिनिटांचे वादन मावत असे, आणि संपूर्ण रचनेला त्याच्या जवळपास दुप्पट वेळ लागतो. काटछाट अपरिहार्य होती. सेगोव्हियांचे वादन तेजस्वी आहे यात शंका नाही. परंतु तंत्रज्ञानाच्या मर्यादेतून आलेली संक्षेपाची सवय, ती मर्यादा संपल्यावरही, दीर्घकाळ टिकून राहिली. आजही वेळ कमी असला की प्रथम गदा येते ती प्रस्तावनेवर आणि पुनरावृत्तींवर. १८२१ नंतरच्या मुद्रित आवृत्त्याही परस्परांशी पूर्णतः जुळत नाहीत, ही गोष्ट या गोंधळात भरच घालते.

गायनाचा धागा

सोर यांचे शिक्षण माँतसेरात येथील मठाच्या गायनशाळेत झाले होते. १७९७ मध्ये बार्सिलोनात त्यांचा 'तेलेमाको' हा ऑपेरा सादर झाला. लंडनमध्ये ते गिटारवादक म्हणून जितके परिचित होते तितकेच गायनाचे शिक्षक आणि इटालियन गीतांचे रचनाकार म्हणूनही होते. १८३० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या गिटारविषयक ग्रंथात त्यांनी स्वरसंवादाच्या ज्ञानाला बोटांच्या कसरतीपेक्षा वरचे स्थान दिले आहे. गिटारवर इतर वाद्यांचा भास कसा निर्माण करावा, याचीही चर्चा ते करतात. उजव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मध्यमा यांवर मुख्य भिस्त ठेवणारे आणि नखांऐवजी बोटांच्या टोकांनी वाजविणारे सोर हे नादाच्या गोलाईला गतीपेक्षा महत्त्व देत होते, हे उघड आहे. नखांनी वाजविणारे दिओनिसिओ आगुआदो हे त्यांचे स्नेही होते, आणि 'दोन मित्र' या नावाने त्यांनी लिहिलेले दोन गिटारींसाठीचे युगुलवादन या भिन्न मार्गांच्या मैत्रीची साक्ष देते.

ओपस ९ मधील तिसरा रूपभेद ऐकताना हा गायनाचा धागा स्पष्ट होतो. मायनरमधून पुन्हा मेजरमध्ये आल्यावर लगेच वेग वाढविण्याची सोय असतानाही सोर येथे चालीला गाऊ देतात. गिटारचा स्वर छेडल्याक्षणीच विरू लागतो. तो गळ्यासारखा वा गजाच्या वाद्यासारखा धरून ठेवता येत नाही. म्हणून गाण्याचा आभास निर्माण करावयाचा तर एका स्वराच्या विरण्यात दुसऱ्याचा जन्म व्हावा लागतो आणि मधल्या आवाजांनी तो विराम झाकावा लागतो. येथील मधले स्वर नुसते भरताड नाहीत, ते स्वतःच्या दिशेने चालतात. जुलियानींच्या रूपभेदांत अंगुलीविलास अधिक झळाळता आहे, पण मधल्या आवाजांची ही काळजी तेथे तितक्या सातत्याने आढळत नाही.

चौथ्या आणि पाचव्या रूपभेदांविषयी मात्र शुमान यांच्या आक्षेपाला काही अंशी मान तुकवावी लागेल. चौथ्यात चाल पार्श्वभूमीला जाऊन हातांची चपळाई पुढे येते. पाचवा गतीने धावतो आणि त्याला जोडून आलेला कोडा आधारस्वरावर पुनःपुन्हा येऊन थांबण्याचे नाटक करतो. ऑपेराच्या अंकाची सांगता जशी पडदा पडेपर्यंत लांबते, तसा हा प्रकार आहे. लंडनच्या मैफलीसाठी तो परिणामकारक असेल. परंतु दुसऱ्या आणि तिसऱ्या रूपभेदांनी निर्माण केलेल्या अपेक्षेला तो उत्तर देत नाही. प्रस्तावनेतील काळोखाचे शेवटी काय झाले, हा प्रश्न अनुत्तरित राहतो.

१८२१ : एक शेजार

याच वर्षी, १८२१ मध्ये, बर्लिन येथे बीथोव्हनचा ओपस १०९ हा पियानो सोनाटा प्रकाशित झाला. तोही ई मेजरमध्ये आहे, त्याचा मधला भाग ई मायनरमध्ये आहे आणि अखेरचा भाग म्हणजे एक चाल व तिचे रूपभेद. या योगायोगावरून परस्परप्रभावाचा तर्क करणे हास्यास्पद होईल, आणि दोन्ही रचना एकाच तराजूत तोलणे तर अन्यायकारकच ठरेल. तथापि तुलनेतून एक गोष्ट स्वच्छ दिसते. बीथोव्हन अखेरीस मूळ चालीकडे जवळजवळ निराभरण अवस्थेत परततो. ऐकणारा मधल्या साऱ्या प्रवासाचा अनुभव घेऊन त्याच स्वरांपाशी येतो आणि ते स्वर आता तेच राहिलेले नसतात. सोर परतत नाहीत. त्यांच्या रचनेत परतणे मध्यावरच, दुसऱ्या रूपभेदात, घडून जाते आणि पुढे उरते ते निघून जाणे.

सोर यांना 'अभिजात' म्हणावे की 'रोमँटिक', हा वर्गीकरणाचा वाद या ठिकाणी फारसा हाती काही लागू देत नाही. चालीची समतोल बांधणी, स्वरसंवादाची स्वच्छता हे गुण अठराव्या शतकाचे आहेत. प्रस्तावनेतील अनिश्चितता आणि वाद्याच्या नादालाच आशयाचे वाहन करण्याची वृत्ती नंतरच्या पिढीकडे बोट दाखविते. योहान कास्पार मेर्त्झ आणि जुलिओ रेगोंदी यांनी पुढे याच वाटेने अधिक दाट, पियानोसदृश भाषा घडविली. रेगोंदी लहान वयात पॅरिसला आला तेव्हा सोर यांनी १८३१ मध्ये त्याला आपली एक रचना अर्पण केली होती. त्याचे १८६४ मध्ये प्रकाशित झालेले रूपभेद पाहता ही भाषा किती बदलली होती ते कळते. शतकाच्या उत्तरार्धात अंतोनियो दे तोर्रेस यांनी गिटारचा आकार आणि आवाज वाढविला. आज ओपस ९ ज्या वाद्यावर ऐकू येते ते सोर यांच्या हातातील लहान, आतड्याच्या तारांच्या गिटारपेक्षा बरेच मोठे आणि भरदार आहे.

याचा परिणाम नेमका दुसऱ्या रूपभेदावर होतो. मोठ्या वाद्यावर खालची मोकळी ई तार दीर्घकाळ घुमत राहते आणि वादक तिला न थांबविल्यास कॉर्डांमधील मौने भरून जातात. छोट्या वाद्यावर हा स्वर लवकर विरतो. मौन आपोआप राहते. म्हणून आधुनिक वाद्यावर वाजविणाऱ्याने अंगठ्याने तो खर्ज वेळेवर मिटविणे आणि दुसऱ्या रूपभेदाची चाल प्रस्तावनेच्या संथपणाशी जुळवून घेणे आवश्यक ठरते. अनेक वादक पहिल्या रूपभेदाच्या वेगाच्या भरात दुसऱ्यात शिरतात आणि तो आटोपता घेतात. त्या घाईत प्रस्तावना वाजवूनही न वाजविल्यासारखी होते.